शेवटच्या गल्लीचा पाव

गेल्या डिसेंबरात मी 200 किलोमीटरच्या सायकल सफरीत उतरलो आणि 14 मिनिटांनी नापास झालो. वय 46, साखर उंबरठ्यावर, आणि हाताशी डोंगरात चालवायची जाड टायरची सायकल. नापास होण्यात नवल काही नव्हतं. नवल पुढे घडलं, आणि ते घरात घडलं, म्हणून लिहायला बसलो आहे.

सायकल माझ्याकडे आली ती योगायोगाने. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा शिकायला कॅनडाला गेला आणि त्याची माउंटन बाइक जिन्याखाली धूळ खात पडली. डॉक्टरांनी मला रोज तासभर चालायला सांगितलं होतं आणि चालण्याचा मला भारी कंटाळा. 9 हजारांत सौदा झाला. पुढच्या चाकावर धक्के गिळणारा शॉकअप, 21 गिअर, दोन इंचांहून रुंद दातेरी टायर, वजन 15 किलोच्या पुढे. दुकानदाराने हवा भरली आणि म्हणाला, "सर, ही सायकल डोंगरासाठी आहे." मी म्हटलं, "आमच्या चेंबूरचे रस्ते बघितलेत ना?"

फजरसाठी उठायची सवय होतीच. नमाज झाली की सायकल काढायची. आधी डायमंड गार्डनला एक फेरी, मग मैत्री पार्कवरून देवनार, पुढे मानखुर्द, आणि दोन महिन्यांनी वाशीचा खाडीपूल. पुलावर उजाडताना भेटणाऱ्या सायकलवाल्यांशी ओळखी झाल्या. त्यांच्या सायकली हातात उचलाव्यात इतक्या हलक्या, टायर बोटाएवढे बारीक. माझी जवळून गेली की टायरच्या दात्यांचा भुंग्यासारखा आवाज यायचा. ते हसायचे, मीही हसायचो. त्यांच्याकडूनच मला बीआरएमबद्दल कळलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही शर्यत नाही असं तिथले लोक पहिल्या वाक्यातच बजावतात. पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर नसतात. भांडण फक्त घड्याळाशी. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत, 600 चाळीस तासांत. वाटेत ठरावीक ठिकाणी कार्डावर शिक्का किंवा सही घ्यायची, आणि प्रत्येक ठिकाण बंद व्हायची वेळही ठरलेली. सोबत गाडी नाही. पंक्चर झालं तर आपणच काढायचं, भूक लागली तर आपणच शोधायचं. पुढे-मागे दिवे, अंगावर चमकणारं जाकीट आणि डोक्यावर हेल्मेट सक्तीचं. या साऱ्याचं मूळ फ्रान्समध्ये आहे. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत पॅरिसला यायची सुमारे 1200 किलोमीटरची शर्यत 1891 मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी शार्ल तेरों नावाचा गडी जवळपास तीन दिवस-रात्र न झोपता सायकल हाकत पहिला आला. आता ती दर चार वर्षांनी होते, शर्यत म्हणून नव्हे तर 90 तासांची सफर म्हणून, आणि आपल्याकडचेही लोक तिथे जातात.

आणि आपल्याकडचे लोक कुठे कुठे जातात! नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी 2015 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघाने पुरी केली. ती शर्यत साधारण 4800 किलोमीटरची. 2017 मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी तीच एकेकट्याने, 12 दिवसांच्या मुदतीत संपवली. ही नावं वाचून माझ्या मनात काय आलं असेल? हेच, की माणूस 12 दिवस पायडल मारू शकतो तर मी 12 तास का नाही? नवशिक्याचं गणित असंच असतं. 200 भागिले साडेतेरा म्हणजे ताशी पंधरासुद्धा नाही. मी तर पुलावर ताशी 22 ने जातो! नाव नोंदवलं.

घरात सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "आधी गुडघ्याचं बघा." मुलीने टाळ्या वाजवल्या. अब्बा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. त्यांनी ऐकलं आणि मान रस्त्याकडे वळवली.

अब्बांचं वय 78. 1971 मध्ये ते रायगडातल्या आमच्या गावातून एसटीने मुंबईला आले आणि चेंबूरच्या एका बेकरीत लागले. पुढची 27 वर्षं त्यांनी सायकलवरून पाव टाकला. काळी, दणकट, बिनगिअरची सायकल. मागच्या कॅरिअरवर आणि दोन्ही बाजूंना पावाच्या मोठाल्या पिशव्या. पहाटे साडेतीनला बेकरीत हजर. लाकडाच्या भट्टीतून लाद्या निघाल्या की भरायच्या आणि निघायचं. चेंबूर कॅम्प, टिळकनगर, पेस्तम सागर, घाटला गाव, मग देवनार. सात वाजता घरी, दुपारी तीनला पुन्हा फेरी. रविवारी सुट्टी नाही, कारण रविवारी पाव जास्त खपतो.

त्या सायकलवर माझी फी भरली गेली, माझं बीएड झालं, मी मराठीचा मास्तर झालो. मला नोकरी लागली त्या महिन्यात अब्बांनी सायकल विकली. "सुटली एकदाची," एवढंच बोलले. म्हणून मी 9 हजार देऊन तीच बला घरात परत आणली तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, हे विचारायची माझी हिंमत झाली नव्हती. सकाळी निघताना आणि परत येताना ते गॅलरीतून बघायचे. बोलायचे काहीच नाहीत.

त्यांच्याशी माझा एक जुना हिशेबही बाकी होता. मी सातवीत होतो. आमच्या शाळेच्या गल्लीत अब्बांची गिऱ्हाइकं होती. बरोबर शाळा भरायच्या आधी ते घंटी वाजवत तिथून जायचे, आणि वर्गातली दोन-चार पोरं मला बघून तोंडाने तशीच घंटी वाजवायची. एका रात्री मी अब्बांना म्हटलं, "शाळेच्या गल्लीत घंटी वाजवत जाऊ नका." का, असं त्यांनी विचारलं नाही. "बरं," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या वेळी त्या गल्लीत घंटी वाजली नाही. पोरं विसरली, मीही विसरलो. घंटी नाही म्हणजे पाववाला आलेला कळत नाही, म्हणजे गिऱ्हाईक तुटतं, हा साधा हिशेब मला पोटाला लागल्यावर सुचला. तेव्हा विचारायला उशीर झाला होता.

असो. डिसेंबरातल्या त्या रविवारी पहाटे साडेचारला घरून निघालो. सहाला वाशीहून सुटायचं होतं. रस्ता मुंबई-गोवा महामार्गाचा. पनवेल, कर्नाळ्याची चढण, पेण, वडखळ, नागोठणे, सुकेळी खिंड, कोलाडच्या थोडं पुढे जाऊन वळायचं आणि त्याच वाटेने परत. म्हणजे माझ्या गावचाच रस्ता. लहानपणी एसटीच्या खिडकीतून उलट्या करत बघितलेला. पंचवीसेक सायकली होत्या आणि जाड टायरची माझी एकटीची.

सुटल्या सुटल्या मी सगळ्यांच्या मागे लागलो. हे कमी वजनाचे लोक ताशी 24-25 ने सहज जात होते, आणि त्यांच्या घोळक्यात राहिलं की वारा लागत नाही हे मला नुकतंच कळलं होतं. पनवेल 55 मिनिटांत आलं. मी खूश. कर्नाळ्याच्या चढणीवर मात्र घोळका पुढे गेला आणि मी 15 किलोचं लोखंड ओढत राहिलो. पेण सव्वाआठला. तिथे लोक थांबून खात होते. मला भूक नव्हती, म्हणून थांबलो नाही.

वडखळच्या पुढे रस्ता बिघडला. या महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण 2011 मध्ये सुरू झालं, तेव्हापासूनची कहाणी कोकणातल्या कुठल्याही माणसाला सांगायला नको. कुठे गुळगुळीत काँक्रीट, कुठे खडी, कुठे नुसती माती. बारीक टायरवाले खाली उतरून सायकल खांद्यावर घ्यायला लागले आणि माझी सायकल तिच्या घरी आली. शॉकअप उघडा केला, सीटवरून थोडा उठलो आणि खडीतून सरळ घुसलो. एकामागून एक दहा-बारा जणांना मागे टाकलं. एकजण ओरडला, "वा, चाचा!" त्या दोन शब्दांनी माझं वाटोळं केलं. आता आपण यांना गाठू देणार नाही, असं मनात धरून नागोठण्यापासून सुकेळी खिंडीपर्यंत मी जीव खाऊन पायडल मारली. कोलाडच्या पुढचं ठिकाण साडेअकराला गाठलं. ते बंद व्हायला अजून 70 मिनिटं होती. कार्डावर सही घेतली, दोन केळी खाल्ली, घरी फोन केला, "अर्धं झालं, आरामात होईल."

परत फिरलो आणि वारा समोरून आला. सकाळी तो नव्हताच. ऊन चढलं की समुद्राकडून सुटतो आणि संध्याकाळपर्यंत थांबत नाही. मी गिअर तोच ठेवला आणि जोर वाढवला. सुकेळी खिंडीत उजव्या मांडीत पहिला गोळा आला. उतरून चोळलं. पुन्हा बसलो तर डाव्या पोटरीत. कसाबसा सायकल ढकलत, अधूनमधून बसत नागोठण्यात पोहोचलो आणि जोहरची नमाज पढायला मशिदीत शिरलो. वजूला बसलो. गुडघ्यापर्यंत गार पाणी ओतून घेतलं, आणि पाय आपलेच आहेत हे बऱ्याच वेळाने जाणवलं. सजद्यातून उठताना पुन्हा गोळा आला, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी हात दिला. बाहेर आल्यावर त्यांनी मला मीठ घातलेलं लिंबूपाणी पाजलं आणि कुठून आलास विचारलं. चेंबूरहून सायकलवर, असं सांगितल्यावर थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना?"

तिथे 50 मिनिटं गेली. त्यानंतरचं सगळं लांबवून सांगण्यात अर्थ नाही. मागे टाकलेले सगळे एकेक करून शांतपणे पुढे निघून गेले. कर्नाळ्याजवळ मागचं चाक बसलं. जाड टायर रिमवरून काढायला अंधारात 25 मिनिटं लागली. पनवेलहून पुढे कळंबोली, खारघर, बेलापूर, नेरूळ, एकेका सिग्नलला घड्याळ बघत होतो. वाशीला पोहोचलो तेव्हा 7 वाजून 44 मिनिटं झाली होती. मुदत साडेसातची. सही घेणाऱ्या मुलाने कार्ड हातात घेतलं आणि फार हळू आवाजात म्हणाला, "सर, पूर्ण तर केलीत ना." दोनशे किलोमीटर झाले होते, पण कागदावर काहीच झालं नव्हतं.

घरी सायकलवर जायची ताकद नव्हती. वाशीहून हार्बरच्या लोकलमध्ये, सामानाच्या डब्यात, रिकाम्या पाट्या घेऊन निघालेल्या कोळणींच्या मधे सायकल धरून उभा राहिलो. एकीने विचारलं, "दादा, पडलास काय रे?" म्हटलं, "नाही मावशी, उशीर झाला."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर अब्बा खाली जिन्यापाशी होते. काठी भिंतीला टेकवलेली, एक हात सायकलच्या सीटवर. मला वाटलं, आता म्हणतील विकून टाक.

"सीट खाली आहे," ते म्हणाले. "गुडघा मोडून चालवतोस. मी वरून बघतोय सहा महिने."

मग त्यांनी मला सायकलवर बसवलं, भिंतीला धरून. टाच पायडलवर ठेवली की पाय जेमतेम सरळ व्हावा इतकी सीट वर घेतली. चार बोटं वर गेली. मग टायर दाबून बघितले. "हे दाते कशाला? शेत नांगरायचंय?" आणि मग विचारलं, "वारा कुठून होता?"

"परतताना समोरून."

"मग तू काय केलंस?"

"जोर लावला."

अब्बा हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना बऱ्याच वर्षांनी बघितलं. म्हणाले, "अरे, पावाला वजन नसतं, पसारा असतो. तीन पिशव्या लावल्या की सायकलला शीड लागल्यासारखं. देवनारच्या रस्त्याला दुपारी खाडीचा वारा यायचा तेव्हा मी पहिल्या वर्षी भांडायचो त्याच्याशी. घरी आल्यावर जेवण जायचं नाही. मग एका जुन्या माणसाने सांगितलं, वाऱ्याला वाट दे. मान खाली, चाल कमी, पण थांबायचं नाही. वारा असला तर फेरीला वीस मिनिटं जास्त लागणार हे घरून निघतानाच धरून चालायचं."

"आणि सकाळी?" मी विचारलं.

"सकाळीच तर खरं. अंगात जोर असतो, म्हणून पहिल्या गल्लीत सगळे घाई करतात. पहिल्या गल्लीत घाई केली की शेवटच्या गल्लीला पाव थंड मिळतो. पैसे शेवटची गल्लीपण तेवढेच देते."

आम्ही जिन्यापाशी तासभर उभे होतो. 27 वर्षं रोज दोन फेऱ्या मारलेला माणूस माझ्या घरात होता आणि मी मोबाइलवर अमेरिकेचे व्हिडिओ बघत होतो! त्यांनी मला आणखी तीन गोष्टी सांगितल्या. भूक लागायच्या आधी खायचं, कारण भूक लागते तेव्हा उशीर झालेला असतो. चढावर बोलता येईल इतक्याच चालीने चढायचं, दम बंद झाला तर चाल चुकली. आणि कुणी शाबासकी दिली की सावध व्हायचं. ही तिसरी त्यांनी माझा किस्सा ऐकून जोडली असावी.

फेब्रुवारीत पुन्हा तीच वाट होती. दातेरी टायर काढून कमी रुंदीचे गुळगुळीत टायर बसवले. चांगल्या रस्त्यावर शॉकअप कुलूपबंद ठेवायचा ठरवला, म्हणजे जोर स्प्रिंगमध्ये जिरत नाही. दोन जास्तीच्या ट्यूब घेतल्या आणि डोळे मिटून टायर काढायचा सराव घरच्या हॉलमध्ये केला. डॉक्टरांना विचारून खाणं ठरवलं. दर अर्ध्या तासाला काहीतरी: खजूर, चिक्कीचा तुकडा, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. बायकोने पावात ऑम्लेट घालून चार पुड्या बांधून दिल्या.

सहाला सुटलो. घोळका पुढे गेला, मी जाऊ दिला. सांगायला सोपं आहे, पण त्या पहिल्या तासात सगळे दिसेनासे होतात आणि आपण एकटे मागे उरतो, तेव्हा आतून कुणीतरी ढकलत असतं. मी मोठ्याने पाढे म्हणत गेलो, म्हणजे दम बंद होतोय का ते कळेल. कर्नाळा पाढे म्हणत चढलो. पेणला मागच्यापेक्षा 35 मिनिटं उशिरा पोहोचलो आणि तरी थांबून खाल्लं. खडीचा रस्ता आला, पुन्हा दोघांना मागे टाकलं, पुन्हा कुणीतरी वाहवा केली. मी हात वर केला आणि चाल आणखी थोडी कमी केली. वळायच्या ठिकाणी 12 वाजून 5 मिनिटांनी सही घेतली.

मग वारा आला. मी मनात त्याचे 40 मिनिटं आधीच धरले होते, त्यामुळे राग आला नाही. मान खाली, दोन गिअर हलके, पाय फिरते. ताशी 15, कधी 14. नागोठण्याला त्याच मशिदीत थांबलो, या वेळी 20 मिनिटं, आणि उठायला कुणाचा हात लागला नाही. वडखळच्या पुढे रस्त्याकडेला एक तरुण बसला होता, बारीक टायरची महागडी सायकल शेजारी आडवी. मांडीत गोळा आला होता. सकाळी तोच सगळ्यांच्या पुढे होता. त्याला मिठाचं पाणी आणि एक ऑम्लेट-पाव दिला. जरा बरं वाटल्यावर आम्ही पनवेलपर्यंत बरोबर आलो, त्याला माझ्या चालीने चालवलं. पुढे तो निघून गेला. वाशीला पोहोचलो तेव्हा 6 वाजून 52 मिनिटं झाली होती. 12 तास 52 मिनिटं. ज्या मुलाने मागच्या वेळी हळू आवाजात समजूत काढली होती त्यानेच सही केली आणि या वेळी चांगला मोठ्याने ओरडला.

घरी आलो तेव्हा अब्बा जागे होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती उरला वेळ?"

"38 मिनिटं."

"म्हणजे शेवटच्या गल्लीला गरम मिळाला," ते म्हणाले.

बायकोने जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर, सगळे आत गेल्यावर, मी त्यांना ते विचारलं. म्हटलं, "अब्बा, मी सातवीत असताना तुम्हाला म्हटलं होतं, शाळेच्या गल्लीत घंटी वाजवू नका. तेव्हा तिथली गिऱ्हाइकं तुटली असतील ना?"

ते थोडा वेळ आठवत राहिले. मला वाटलं विसरले असतील.

"नाही तुटली," ते म्हणाले. "मी फेरी उलटी केली. ती गल्ली पहिली घ्यायला लागलो, साडेचारला. तुम्ही पोरं झोपलेली असायची. पहिली लादी मलाच मिळावी म्हणून बेकरीत साडेतीनऐवजी सव्वातीनला जायला लागायचं, एवढंच."

"किती दिवस?"

"किती म्हणजे? शेवटपर्यंत. गिऱ्हाइकांना सवय झाली ना लवकरची."

मी काही बोललो नाही. रोजची 15 मिनिटं झोप, इतकी वर्षं. मास्तर असून मला तो गुणाकार तिथे करता आला नाही.

अब्बा काठी घेऊन उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "चेन पुसून तेल लावून ठेव रात्रीच. खाडीची हवा आहे, सकाळपर्यंत गंज धरते."